निकालानंतरची मरगळ : स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

पूर्व परीक्षेचा निकाल लागतो, यादीत आपला क्रमांक नसतो आणि तरीही त्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस तसे निभावून जातात. त्या दिवसांत रडता येते, मैत्रिणी बळेच चहाला घेऊन जातात, घरून दोनदा फोन येतो, आणि यादीत नाव नसलेले आपल्यासारखे अनेकजण आसपास असल्यामुळे दुःख वाटून घेता येते. खरी मरगळ येते ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जेव्हा अभ्यासिकेत शेजारी बसणारी मुलगी मुख्य परीक्षेच्या नोट्स काढू लागते आणि आपल्यापुढे मात्र तेच, तीन रंगांच्या खुणांनी भरलेले पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलेले असते.

मी परभणी जिल्ह्यातून पुण्याला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी आले आणि नारायण पेठेत चार वर्षे राहिले. दुसऱ्या प्रयत्नात थोड्या गुणांनी यादीबाहेर राहिले, तेव्हा जवळजवळ तीन महिने माझ्या हातून काहीही झाले नाही. पुढे गट-क सेवेत, म्हणजे राज्यसेवेहून खालच्या पदांवर, निवड झाली, आज मी नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींशी बोलते. त्यांच्यापैकी बहुतेकांना अभ्यास कसा करावा हे ठाऊक असते. अभ्यास थांबल्यावर तो पुन्हा कसा सुरू करावा, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांना जे सांगते, तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी हे मरगळच आहे ना, ते पाहा

ही पायरी शेवटी ठेवण्याची पद्धत आहे, पण ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते ते शेवटापर्यंत वाचत नाहीत, म्हणून ती आधी सांगते. निकालानंतर काही दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ मन जड राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक पार बिघडली असेल, किंवा आपण नसलो तर बरे होईल असा विचार एकदाही डोकावून गेला असेल, तर त्याला मरगळ म्हणून सोडून देऊ नये. जगणे नकोसे वाटण्याच्या विचारासाठी तर दोन आठवडे थांबण्याचेही कारण नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन करण्यासाठी आपले दुःख पुरेसे मोठे आहे की नाही, याचा निवाडा आपण करत बसू नये.

दुसरी गोष्ट शरीराची. थायरॉइडचे कार्य मंदावणे, रक्तक्षय आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता या तिन्हींमध्ये माणूस थकलेला, मंद आणि निरुत्साही दिसतो, आणि आपण त्यालाच आळस म्हणत राहतो. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून आणि दुधातून मिळते. वर्षानुवर्षे मेसची पोळी, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण यांवर दिवस काढणाऱ्या शाकाहारी मुलामुलींना त्याची कमतरता जाणवण्याचा संभव असतो. माझे हिमोग्लोबिन त्या काळात नऊच्या खाली गेले होते. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत ते बाराच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. आठ महिने मी स्वतःला ज्या शब्दांत दोष देत होते, त्यातला बराचसा दोष लोहाच्या गोळ्यांनी भरून निघण्यासारखा होता, हे कळले तेव्हा मला आधी हायसे वाटले आणि मग फार वाईट वाटले. म्हणून डॉक्टरांना भेटून या तीन तपासण्या करून घ्याव्यात, आणि औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

निकालाचा हिशेब एका पानावर मांडा

मरगळीत मन सतत काहीतरी बडबडत असते आणि त्या बडबडीचा सूर न्यायाधीशाचा असतो: तुला जमणार नाही, तुझी कुवत नाही, बाकीचे कुठल्या कुठे गेले. या बडबडीला चांगल्या विचारांनी उत्तर देण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. तो दहा मिनिटांहून अधिक टिकत नाही. तिला आकड्यांनी उत्तर दिलेले टिकते.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण, म्हणजे अर्धा गुण, वजा होतो. मी ९५ प्रश्न सोडवले होते. त्यांतले ६० बरोबर आणि ३५ चूक. आयोगाची अंतिम उत्तरतालिका समोर घेऊन मी त्या पस्तीस प्रश्नांची तीन रकान्यांत विभागणी केली. १२ प्रश्नांचा विषय मी वाचलेलाच नव्हता. १५ प्रश्नांचा वाचला होता, पण आठवला नाही. उरलेल्या ८ प्रश्नांची उत्तरे मला येत होती. मी प्रश्न नीट वाचला नव्हता. ‘अयोग्य विधान ओळखा’ असे स्पष्ट छापलेले असताना मी योग्य विधानावर खूण करून मोकळी झाले होते. चूक उत्तर बरोबर झाले की वजा होणारा अर्धा गुण वाचतो आणि दोन गुण मिळतात, म्हणजे एका प्रश्नामागे अडीच गुणांचा फरक पडतो. आठ प्रश्नांचे वीस गुण होतात, आणि मी यादीबाहेर राहिले होते ती सात गुणांनी.

त्या पानाने माझे दुःख संपले नाही, पण त्याचा आकार बदलला. ‘माझी कुवत नाही’ या वाक्यावर करण्यासारखे काही नसते. ‘प्रश्नातला नकार निसटतो’ या वाक्यावर मात्र त्याच दिवशी काम सुरू करता येते. मी प्रत्येक सराव प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’ या शब्दांभोवती पेन्सिलने गोल करू लागले. तुमचे रकाने वेगळे निघतील. पहिला रकाना मोठा निघाला, तर वाचन अपुरे होते हे सरळ मान्य करावे. तेही एक उपयोगी उत्तर आहे.

हे पान लिहिताना स्वतःशी बोलण्याची भाषा मात्र जपावी. अपयशानंतर स्वतःला कठोर बोल लावल्यानेच माणूस सुधारतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एक अवघड शब्दपरीक्षा दिली होती. ती कठीण गेल्यानंतर ज्यांना स्वतःकडे समजुतीने पाहण्यास सांगितले गेले, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. समजूतदारपणा म्हणजे लाड नव्हेत; धाकट्या बहिणीचा पेपर बिघडला असता आपण तिच्याशी ज्या आवाजात बोललो असतो, तोच आवाज स्वतःसाठी वापरणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दिवस मुद्दाम लहान करा

या लेखातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे म्हणणे हे आहे: मन लागण्याची वाट पाहू नका. ‘मन लागले की बसेन’ हा क्रमच उलटा आहे. बसल्यावर, आणि तेही काही दिवस बसल्यावर, मन लागू लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याबद्दल असे मांडले की, माणूस खचल्यावर आनंद किंवा समाधान देणारी कामे सोडून देतो, ती सुटल्यामुळे त्याला समाधानाचे क्षण मिळेनासे होतात, आणि त्यामुळे तो आणखी खचतो. हे चक्र भावनेच्या बाजूने तोडता येत नाही, कारण भावना आपल्या हुकमात नसते. ते कृतीच्या बाजूने तोडावे लागते. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यग्रस्तांच्या उपचारांची तुलना केली, तेव्हा केवळ कृती वाढवण्यावर भर देणारा भाग संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडत असल्याचे त्यांना दिसले.

व्यवहारात याचा अर्थ असा की, उद्यापासून बारा तासांचे वेळापत्रक आखू नये. मरगळीतून उठणारे जवळजवळ सगळे हीच चूक करतात: रविवारी रात्री रंगीत पेनांनी वेळापत्रक आखतात, सोमवारी नऊ तास बसतात, मंगळवारी चार, आणि बुधवारी अंथरुणातून उठत नाहीत. त्याऐवजी रात्री झोपण्यापूर्वी वहीत फक्त तीन ओळी लिहाव्यात, आणि त्या इतक्या लहान असाव्यात की अगदी वाईट दिवशीही पार पडतील. माझ्या पहिल्या दिवसाच्या तीन ओळी अशा होत्या: साडेसहाला उठणे, आठच्या आत अभ्यासिकेत सही करणे, जुन्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न सोडवणे.

आमच्या अभ्यासिकेत महिन्याचा हजेरी तक्ता दाराजवळच्या टेबलावर दोरी बांधलेल्या पेनासह ठेवलेला असे. त्या सकाळी मी माझ्या नावाची ओळ शोधली, तेव्हा एकापाठोपाठ एकोणीस चौकोन रिकामे होते. विसाव्यात सही करताना माझा हात अक्षरशः थरथरत होता, कारण टेबलाशी बसणारे काका इतके दिवस कुठे होतीस असे विचारतील, याची मला धास्ती वाटत होती. त्यांनी काही विचारले नाही. तक्त्याचा मुडपलेला कोपरा सरळ करून त्यांनी तो माझ्याकडे थोडा पुढे सरकवला, इतकेच. मी आत जाऊन दहा प्रश्न सोडवले, त्यातले चार चुकले, आणि चाळीस मिनिटांत खोलीवर परत आले. तीन ओळींपुढे तीन खुणा केल्या. त्या महिन्यातला माझा तो पहिला दिवस होता, ज्याच्या शेवटी मला स्वतःची लाज वाटली नाही.

काम आठवावे लागू नये म्हणून ते एखाद्या नित्याच्या गोष्टीला जोडून घ्यावे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ‘मी अभ्यास करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असा बांधलेला संकल्प अधिक वेळा तडीस जातो. माझा संकल्प होता, ‘नाश्त्याची ताटली धुऊन ठेवली की खोलीत परत बसायचे नाही, थेट चपला घालायच्या.’ मरगळीचा सगळा जोर ताटली आणि चपला यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत असतो. त्या वेळी पलंगावर टेकले की दिवस गेलाच.

एखादा दिवस चुकेल, आणि तो चुकणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या सवयींचा अभ्यास केला होता. नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यात एक गोष्ट दिलासा देणारी होती: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणून रिकामा चौकोन रिकामाच सोडून पुढच्या चौकोनाकडे जावे. सुटलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काम अंगावर घेऊ नये. सलग दोन आठवडे तीन ओळी बऱ्यापैकी पार पडल्या, की चौथी ओळ वाढवावी.

प्रेरणेचे व्हिडिओ बंद ठेवा

हे वाचून अनेकांना खटकेल, तरीही मी ते ठामपणे सांगते. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती आणि पार्श्वसंगीत लावलेली भाषणे मरगळीच्या काळात पाहू नयेत. ती पाहताना रक्त सळसळते, आपणही लाल दिव्याच्या स्वप्नात रमतो, आणि अर्ध्या तासाने काहीच न करता काहीतरी केल्याचे समाधान मिळालेले असते. गॅब्रिएल ओटिंजन या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासह २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यशाच्या गोड कल्पनांत जे अधिक रमत होते, त्यांना पुढच्या दोन वर्षांत नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते. आपल्याला हे जमेल असा पूर्वानुभवावर आधारलेला विश्वास मात्र उपयोगी ठरला होता. म्हणजे सकारात्मक राहणे निरर्थक नाही. ते कशावर उभे आहे, याला महत्त्व आहे. वहीतल्या तीन खुणांवर उभा राहिलेला विश्वास लहान असतो, पण तो स्वतःचा असतो.

उद्दिष्ट डोळ्यांपुढे आणायचेच असेल, तर त्याच्या लगेच पुढे आजचा अडथळाही आणावा, आणि तो कसा ओलांडायचा हे ठरवावे. माझा अडथळा रात्री उशाशी असलेला मोबाइल होता. तो मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालच्या स्विचला लावून ठेवू लागले, म्हणजे गजर बंद करण्यासाठी उठावेच लागे.

झोप, उजेड आणि चालणे यांबद्दल थोडक्यात सांगते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, कारण झोपण्याची वेळ आपोआप तिच्यामागे येते. बहुतेक अभ्यासिकांत दिवसभर ट्यूबलाइट असते, आणि शरीराचे घड्याळ तर सकाळच्या नैसर्गिक उजेडावर लागते. त्यामुळे आत जाण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर चालावे. मी झेड पूल ओलांडून डेक्कनपर्यंत जाऊन परत येत असे. चहातील कॅफिनचा अर्धा अंश शरीरात सुमारे पाच तास राहतो, म्हणून संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडावा.

घरच्यांशी खरे बोला

मरगळीतला सर्वांत जड भाग पुस्तकात नसतो, तो रोजच्या फोनमध्ये असतो. माझे आप्पा रात्री साडेआठला, शेतातून येऊन हातपाय धुतल्यावर, फोन करत. ‘जेवलीस का माय?’ ‘जेवले.’ ‘अभ्यास?’ ‘चाललाय.’ तीन महिने मी हा शब्द उच्चारत होते आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावरचे ओझे वाढत होते, कारण त्या महिन्याचे मेसचे आणि कॉटचे पैसे सोयाबीन विकून आले होते, हे मला माहीत होते. लपवण्यासाठी लागणारी शक्ती अभ्यासाच्याच शक्तीतून जाते.

एका रात्री मी सांगून टाकले, ‘आप्पा, तीन महिन्यांपासून अभ्यास होत नाही माझा. बसवत नाही.’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मग चार दिवस घरी ये की. पुस्तकं काय कुठं पळून चालली व्हय?’ मी आठवडाभर गावी राहिले. परत आले तेव्हा अभ्यासाची गोडी परत आली होती असे नाही. पण लपवण्याचे काम संपले होते.

सगळ्यांचे वडील असे उत्तर देतीलच असे नाही. काही घरांत रागावणे होते, काही घरांत लग्नाचा विषय निघतो. अशा वेळी आई, मोठा भाऊ, मामा, यांपैकी जे ऐकून घेतील त्यांना आधी सांगावे, आणि सांगताना तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: काय बिघडले आहे, मी आता काय करत आहे, आणि किती दिवसांनी पुन्हा बोलेन. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले तर घरच्यांची काळजी वाढते. वहीतल्या तीन ओळी वाचून दाखवल्या, तर ती बरीच कमी होते.

याच बोलण्यात प्रयत्नांची मर्यादाही ठरवावी. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. ती संधी देणारी असली, तरी निर्णय पुढे ढकलण्याची सवलतही देते. आणखी किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत आणि किती पैशांत, हे लिहून ठेवणे म्हणजे हार मानणे नव्हे. मी गट-क चा अर्ज भरला तेव्हा एका मैत्रिणीने मला मन कच्चे असल्याचे ऐकवले होते. प्रत्यक्षात तो अर्ज भरल्यानंतरच मला राज्यसेवेचे पुस्तक धास्तीशिवाय उघडता येऊ लागले, कारण त्या एका परीक्षेवर सगळे आयुष्य टांगलेले राहिले नव्हते.

तारीख पुढे गेली तर

नव्या विद्यार्थ्यांनी या एका धक्क्याची तयारी आधीपासून ठेवावी, कारण सावरलेला माणूस पुन्हा खचतो तो बहुधा इथे. १४ मार्च २०२१ रोजी होणारी पूर्व परीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले, आणि ती २१ मार्चला झाली. २०२४ ची पूर्व परीक्षा एकाहून अधिक वेळा लांबली आणि अखेर १ डिसेंबर २०२४ रोजी पार पडली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णयही आधी जाहीर होऊन, आंदोलनानंतर, २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांचा सराव केलेल्यांना उत्तरलेखन मुळापासून शिकावे लागले. यांतली एकही गोष्ट उमेदवाराच्या हातात नव्हती, आणि तिचा राग येणे रास्तच होते.

अशा दिवसासाठी तारखेवर अवलंबून नसलेले एक काम कायम हाताशी ठेवावे. माझ्या दृष्टीने रोज एका पानाचे उत्तरलेखन हे त्यासाठी सर्वांत चांगले काम आहे, कारण ते कोणत्याही पद्धतीच्या परीक्षेत वाया जात नाही आणि अर्ध्या तासात संपते. परीक्षा पुढे गेल्याची बातमी आली, त्या दिवशी चर्चेत भाग घ्यावा, संताप व्यक्त करावा, वाटले तर पुस्तकाला हातही लावू नये. रात्री मात्र खोलीवर आल्यावर वही काढून दुसऱ्या दिवशीच्या तीन ओळी लिहाव्यात, मोबाइल खिडकीखालच्या स्विचला लावावा, आणि साडेसहाचा गजर लागला आहे ना, हे पाहून दिवा मालवावा.